सोळा खुंट्यांची भिंत

नियम एकच केला होता:
कुठलीही भिंत सोळा खुंट्या लांब, चार रुंद,
दोन्ही टोकांना सारखाच सांधा.
म्हणजे कुठलीही भिंत कुठल्याही भिंतीला लागेल,
बुरूज हवा तिथे बुरूज, दरवाजा हवा तिथे दरवाजा,
आणि जेवायची वेळ झाली की किल्ला सोडवून
फळीवर लावून ठेवता येईल, वह्यांसारखा.
आकृती काढली पावतीच्या पाठीवर,
रात्रपाळीत, विजयदुर्गच्या बर्फ कारखान्यात,
लाद्या साच्यातून सुटायची वाट बघत.

ठोकळे उर्वीचे. डिसेंबरात मस्कतहून येताना
ताईने कपडे कमी केले आणि खोका आणला:
परदेशी किल्ला, करड्या भिंती, निळी टोकदार छपरं,
झेंड्यावर सिंह.
उर्वीने खोक्यावरचं चित्र पाहिलं,
मग खिडकीतून खाडीच्या तोंडाशी बसलेला तो, काळपट तांबडा,
आणि म्हणाली, मामा, ह्यांचा रंग चुकलाय.

करडे बाजूला सारले. तपकिरी निवडले:
घोड्यांचा तबेला मोडला, एक झाड मोडलं,
एका बाहुल्याची होडी.
चार भिंतींपुरते भरले. पाचवी करडीच.

बुरुजाने मात्र सतावलं.
ठोकळ्याला काटकोनच ठाऊक,
आणि इथला बुरूज म्हणजे फुगलेलं पोट,
तोफगोळा आदळावा आणि घसरून जावा असं.
बिजागरीचे तुकडे घालून भिंत बारा जागी वाकवली.
दर वाकणाला एक फट.
त्या जंग्या, उर्वी म्हणाली, बंदुका तिथून.
बरं, जंग्या.

बाबा ओटीवर बसून बघत होते, तीन दिवस.
विश्राम घाडी, बत्तीस वर्षं चिरेखाणीत,
आधी टिकाव, मग यंत्राची करवत,
करवतीने घेतलेलं डाव्या हाताचं एक बोट.
चौथ्या दिवशी उठून आले, न विचारता
तटबंदी टेबलावरून उचलली, मधोमध धरून,
आणि ती सांध्यात सुटली, वरपासून खालपर्यंत, सरळ,
अर्धी त्यांच्या हातात, अर्धी फरशीवर.
उर्वी रडली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त.

"सांध्यार सांधो इलो तुझो," बाबा म्हणाले.
"भिंत हयसून फाटतली. कायम हयसूनच."

हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं:
खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर
वरच्या चिऱ्याचं पोट यायला हवं.
पण मला सुटणारीच भिंत हवी होती,
आणि हे त्यांना कसं सांगायचं,
ज्यांच्या लेखी भिंत हलवणं म्हणजे पाडणं?

सांगावं लागलं नाही. वाकून त्यांनी
फरशीवरचे ठोकळे वेचले, नऊ बोटांनी,
दोन भिंती शेजारी टेकवल्या
आणि वरच्या चर्या काढल्या, सगळ्या.
"ह्यो थर मागसून. भिंती जोडल्यार.
अर्धो हयसर, अर्धो थयसर."

म्हणजे चर्या भिंतीच्या नाहीत, सांध्याच्या.
शेवटी बसवायच्या, आधी काढायच्या.
पावतीच्या पाठीवर जागा उरली नव्हती,
मी समासात दुसरा नियम लिहिला.
उर्वीने तट मधोमध धरून उचलला.
उचलला गेला.

जानेवारीत त्या गेल्या. भिंती वाटून घेतल्या:
दोन तपकिरी तिकडे, दोन इथे, करडी तिची.
चर्या चुकून इथेच राहिल्या, बिस्किटांच्या डब्यात.

काल फोनवर तिने नवी भिंत दाखवली,
हिरवी-पिवळी, मिळेल त्याची.
स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन मी मोजलं.
सतरा.
सांगू की नको करत होतो, तोवर बाबांनी फोन घेतला,
चष्मा कपाळावरून खाली, बराच वेळ पाहिलं.
"वाढीव चिरो टाकूचो नसता," म्हणाले.
"कोपऱ्याक लाव गो."