त्रेसष्टावं पान

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होतो, खरं गाडी चुकली.
पुस्तक आवडलं, खरं शेवट नाही पटला.
पुण्याकडचे हसतात.
हसूदेत.
आमची प्रत्येक हरकत
जन्मतःच खरी असते.

उद्यमबागेत भट्टी उतरली की
रात्री साडेबाराला मी फोन उघडायचो.
तिथं आधीच जागे असायचे तिघं.
निपाणीची तस्नीम, वखारीत तंबाखूचा हिशेब लिहिते,
कादंबरीतल्या उधाऱ्यासुद्धा बेरीज करून बघते:
नायकाचे अठरा रुपये कुठं गेले? लेखक विसरला.
कणकुंबीचा इनास,
त्याला रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं,
म्हणून त्याचं मत नेहमी दोन दिवस उशिरा
आणि धाप लागल्यासारखं, स्वल्पविरामाशिवाय.
अनगोळचे ओमाण्णा
शेवटचं पान आधी वाचतात
आणि कुणाला सांगत नाहीत.
एवढ्यावर मी त्यांच्याकडं घराची किल्ली ठेवीन.

कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं.
ओळख म्हणजे एवढीच,
वाचताना कोण कुठं थांबतं.

मग संकेश्वरची महानंदा आली.
झेरॉक्सचं दुकान. दिवसभर हातावरून
लोकांच्या पहाण्या, आधार, सोयरिकीचे बायोडाटे.
तिचा पहिला निरोप कानडी अक्षरांत होता.
मोठ्यानं वाचला, तर आतून मराठी निघाली.
घरी मराठी बोलतो. शाळा कानडी झाली.
तुमचं अक्षर मला येत नाही,
खरं गोष्ट पाहिजे.

बसच्या पाट्यांवर शिकलेलं माझं कानडी
पहिल्यांदाच कुठल्यातरी गावाला पोचलं.

त्या रात्रीपासून वाचू लागलो तिच्यासाठी.
सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसून
रोज सात-आठ पानं, आवाज भरून पाठवायची.
मागं ब्लोअर घरघरत असायचा.
एकदा वॉचमन शिंकला, नेमका लग्नाच्या मुहूर्ताला.
पुन्हा वाचू काय, मी विचारलं.
नको, म्हणाली, तो वऱ्हाडातलाच वाटतो.

थंडी सरली. पुस्तक संपलं.
तिनं प्रत मागितली, नुसती जवळ असूदे म्हणून.
कॅलेंडरच्या कागदात बांधून
मी संकेश्वर गाडीच्या कंडक्टरकडं दिली.
त्यानं तिकीट काढलं नाही पुस्तकाचं.

उन्हं तापल्यावर भेटलो सगळे, बेळगावात,
स्टँडसमोरच्या हॉटेलात.
पाच माणसं, पाच चहा,
आणि बोलायला कुणी तयार नाही.
अर्ध्या रात्री एका विशेषणावरून भांडणारे आम्ही
मुलगी बघायला आल्यासारखे
बशा पुढं सरकवत होतो.
इनासनं खिशातून काजूची पुडी काढली,
ती मध्ये ठेवली,
कुणी हात लावेना.

महानंदानं पुस्तक काढलं.
कोपरे मऊ झालेले.
ओळींच्या खाली शिसपेन्सिलीनं
मुंगीएवढी कानडी अक्षरं,
पान तीसपर्यंत दाट,
मग विरळ,
मग नाहीतच.

त्रेसष्टावर एक परिच्छेद
तू वाचला नाहीस, ती म्हणाली.
ओमाण्णांनी कप खाली ठेवला.
मी म्हणालो, ब्लोअरचा आवाज होता.
म्हणालो, पानं चिकटली असतील.
ती बघत राहिली.
आई दवाखान्यातून चालत घरी येते, तो ना,
मी म्हणालो शेवटी.
वाचायला घेतला होता, खरं

त्याच्यापुढं वाक्यच नव्हतं.

तिनं ओळीवर बोट ठेवलं.
द, वा, खा,
आणि 'न्या'पाशी अडखळून
पुन्हा पहिल्यापासून, द, वा,
एकेक अक्षर पायरीसारखं चाचपत.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी डोसा मागवला.
काजू तसेच.

संकेश्वरची गाडी साडेसहाला होती.
तस्नीमनं घड्याळ बघितलं
आणि मनगट ओढणीखाली घेतलं.