इतिवृत्त

परभणी. स्टेडियममागची खोली.
मे महिना, दुपारचे साडेतीन.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसताच खडखडत होता
म्हणून गिराम सरांनी बंद करायला लावला,
आणि सगळ्यांना एकमेकांचे श्वास ऐकू यायला लागले.

मी लिहिते आहे.
शिस्तपालन समिती. हजर सदस्य चार.
विषय: उपांत्य सामन्यातील धोकादायक पकड.
खेळाडू: मुंजाजी रेंगे, डावा कोपरा, मु. पो. झरी.

मुंजाजी उभाच. खुर्ची दिली तरी.
हात कुठं ठेवावेत कळत नाही त्याला,
एकदा पाठीमागं, एकदा पोटावर,
जणू गुन्हा हातांनी केलाय
आणि हा त्यांना शाळेत घेऊन आलेला बाप.

मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला.
पुन्हा लावा. आता हळू.
हळू केल्यावर नासेर पठाण तरंगतच वर जातो,
पाय आभाळाकडं, गुडघ्याची पट्टी घसरलेली,
मुंजाजीची मिठी त्याच्या मांड्यांना,
आणि खाली यायला इतका वेळ लागतो
की तेवढ्यात माणूस विचार करू शकला असता,
थांबू शकला असता,
घरी फोन लावू शकला असता.
"बघा," खिल्लारे मॅडम म्हणाल्या, "वेळ होता त्याच्याकडं."
"एवढा वेळ नव्हता वो म्याडम," मुंजाजी म्हणाला.
दोन्ही लिहिलं.
हळू केलं की सगळंच ठरवून केल्यासारखं दिसतं
हे नाही लिहिलं. असं कोणी म्हणालं नव्हतं.

क्लिपमध्ये आवाज फक्त हलगीचा.

मग शब्दावर अडलं.
आपटला, की पडला, की पकडीदरम्यान तोल गेला?
जामकर सर म्हणाले, आपटणे म्हटलं की हेतू आला.
गिराम सर म्हणाले, पडणे म्हटलं की दोष एकट्या जमिनीचा.
एका क्रियापदावर वीस मिनिटं.
चहा आला. साय धरलेला चहा कोणी घेतला नाही,
मी घेतला.

नासेर पूर्णेहून आला, उशिरा, मानेला पट्टा.
त्याला मान हलवता येत नाही,
अख्खं अंग वळवून तो "नाही" म्हणतो.
किती सामन्यांची बंदी असावी असं वाटतं?
"ते तुमचं तुम्ही बघा, सर.
माझा दम तुटला होता. कबड्डी म्हणायचं थांबलो होतो मी.
त्यानं ऐकलं का नाही, तेवढं विचारा."

मुंजाजीनं कुणी विचारायची वाट पाहिली नाही.
"हलगी वाजू लागली व्हती," म्हणाला,
आणि मग, तळहाताकडं बघत,
"काय म्हाईत."

मी काय लिहू याचं?

त्या दिवशी गुणलेखक मी होते.
माझं टेबल मध्यरेषेपासून सात पावलांवर.
हलगी मलाही होती.
तरी तो दम तुटलेला मी ऐकला होता,
तार तुटावी तसा नाही, तर
सांगता सांगता माणूस विसरतो ना, तसा.
आणि नासेरचे पाय जमीन सोडायच्या आधी
झरीच्या रकान्यात मी एक गुण लिहिला होता.
निळ्या शाईत. वेळेसकट.
सात पावलांवरून मला ऐकू आलं,
त्याचा तर कान नासेरच्या बरगडीला होता.
पण जवळ असलं म्हणजे ऐकू येतंच
असं माझ्या घरातसुद्धा कधी झालं नाही.
इतिवृत्त लिहिणाऱ्याला कोणी साक्ष विचारत नाही.
मीही पेन खाली ठेवलं नाही.

निर्णय राखून ठेवण्यात आला.
अध्यक्षांच्या परवानगीने बैठक संपली, पाच वाजून दहा मिनिटांनी.

दाराशी नासेरला चप्पल घालता येईना, वाकताच येत नाही.
मुंजाजी खाली बसला.
जिल्ह्यात घोटा धरावा तर यानं,
तो घोट्यापासून वीतभर अलीकडं थांबला,
वर बघितलं.
"धरू का?"
नासेरनं पाय पुढं केला.

हे बैठक संपल्यावरचं. इथं बसत नाही.
ओळीखाली ओळ मारली,
पिशवीतून तो कागद काढला, घडी सरळ केली.

सोबत: गुणपत्रक, मूळ प्रत, पान एक.