फ्रिजकडचा हात

त्या वर्षी दांडिया बाजारातल्या हॉलला कुलूप होतं
आणि मी स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून,
साखरेच्या डब्याला फोन टेकवून
पाच चौकोनांना नाच शिकवत होते.

म्हटलं, उजवा हात.
दोघींनी डावा उचलला.
हा आरसा आहे की खिडकी,
मलाच कळेना, तर त्यांना काय सांगणार?
म्हटलं, बरं, दाराकडचा हात.
तर दारं चार दिशांना.

मग एकेकीला घर विचारून घेतलं.
वहीत नावापुढे लिहिलं:
तोरल, मांजलपूर, उजवीकडे फ्रिज.
क्षिप्रा, कारेलीबाग, उजवीकडे देव्हारा.
ऋजुताच्या उजवीकडे आजोबा,
खुर्चीत, पेपर उघडून.
आजोबा चहाला उठले
की ऋजुताची दिशा चुकायची.

माझ्या बाईंकडे शब्द तीनच होते:
बैस. पुन्हा. नाही.
बाकी सगळं त्यांच्या अंगठ्यात.
पाठीवर नेमक्या मणक्याला तो टेकला
की कणा आपसूक उभा राहायचा.
मीही तीस वर्षं अंगठ्यानंच शिकवलं,
आणि ज्यांना अंगठा कळला नाही
त्यांना नाच येत नाही, असं समजले.

काचेतून अंगठा जात नाही.

क्षिप्राला म्हटलं, समज,
मागून कुणी तुझी वेणी हळूच वर ओढतंय.
ती तिथल्या तिथे बोटभर उंच झाली.
तोरलचे केस कापलेले. तिला म्हटलं,
डोक्यावर हंडा आहे, काठोकाठ.
तिनं विचारलं, किती लिटर?
हसू नका. आकडा सांगितल्यावर
तिची मान महिनाभर हलली नाही.

झरणाला ना वेणी लागू पडली, ना हंडा.
ती चौकटीच्या वहीत अडवू काढायची,
चवड्याला टिंब, टाचेला फुली,
आणि फोटो पाठवायची रात्री अकराला.
मला राग आला. नाच काय कागदावर उतरतो?
उत्तर लिहायला बसले तेव्हा दिसलं,
एक फुली जरा आधी पडली होती.
झरणाची नव्हे, माझी.
डावी टाच. किती वर्षांपासून, कोण जाणे.

निहारचा चौकोन कायम काळा.
दोनदा रागावले. तिसऱ्यांदा त्याच्या आईचा निरोप आला:
खोली एकच आहे, बाई.
हे नंदेसरीहून रात्रपाळी करून येतात, मागे झोपलेले असतात.
म्हटलं, मग फक्त आवाज सुरू ठेव.
वहीच्या पुठ्ठ्यावर दोन बोटं
अगदी हलकी चालत आली.
तै या तै. तै या तै.
मी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं,
डावं बोट उशिरा येतंय, वजन अजून उजवीकडेच आहे तुझं.
बऱ्याच वेळानं विचारलं त्यानं,
बाई, तुम्हाला दिसलं?

माझी काठी मात्र कुणाकडेच वेळेवर पोचली नाही.
इथून नीट निघायची,
वाटेत कुठे सेव-उसळ खायला थांबायची देव जाणे,
मांजलपूरला अर्धी मात्रा उशिरा,
कारेलीबागला त्याहून.
सगळ्यांचे आवाज एकदम उघडले
तर पत्र्यावर गारा.

पुढे हॉल उघडला.
फरशी पुसली, फळीवरची धूळ झटकली.
निहारला कधी पाहिलंच नव्हतं,
चप्पल काढून दोन पावलं टाकली त्यानं, तेव्हा ओळखलं.
आता सगळ्यांचं उजवं एकाच बाजूला,
जिकडे सूरसागर आहे, तिकडे.
तरी सवयीनं तोंडातून निघालं,
तोरल, फ्रिजकडचा!
सगळे हसले. तोरलचा हात बरोबर वर गेला.

ऋजुतानंही उचलला.
आणि क्षणभर तिकडे पाहिलं,
जिथे खुर्ची असती.

मी काठी थांबवली नाही.
अर्धी मात्रा उशिरा पडली, एवढंच.