दुरुस्ती

रहिनातूबाईंनी पहिल्याच दिवशी माझी वही काढून घेतली.
म्हणाल्या, शियाच्या बिया भाजायला बस.
हात काळे होऊ देत,
मग बघू मानवशास्त्र की काय ते.

तामालेहून ट्रोट्रोच्या मागच्या बाकावर दीड तास, पुढं पायी.
हरमॅटनची धूळ, फुटलेले ओठ,
आणि मी, राजधानीत वाढलेला, आपल्याच भाषेत ठेचकाळणारा,
तिपाग्या आजीच्या भट्टीपाशी नऊ दिवस
एकही प्रश्न न विचारता.
दहाव्या दिवशी तिनंच विचारला :
तुझी आई जेवली असेल का रे आत्ता?

बाई विद्यापीठात क्वचितच सापडायच्या.
दारावर चिठ्ठी : 'गिरणीचा हिशेब चालू आहे.'
बायकांच्या सहकारी गिरणीचा जमाखर्च
अठरा वर्षं त्यांच्याच अक्षरात.
बढतीच्या अर्जात 'समाजसेवा' असा रकाना होता,
तिथं त्यांनी एक आडवी रेघ मारली.

माझा प्रबंध झाला. दोनशे चौदा पानं.
वाटलं, सुटलो.
बाईंनी तो उघडलाही नाही.
'तिला वाचून दाखवलास?'

पुन्हा ट्रोट्रो, पुन्हा पायी.
झाडाखाली बसून एकेक वाक्य
दागबानीत परत ओतत गेलो.
आजी टरफलं फोडत राहिली, मधूनच हुंकार.
सत्तेचाळिसाव्या पानावर तिचा दगड थांबला.
'गरीब? मी कुठं म्हटलं गरीब?
दमले, म्हटलं होतं.'

एक शब्द. त्याच्यावर माझं अख्खं तिसरं प्रकरण उभं होतं.
ते खचलं,
आतून वाळवी लागलेला वासा खचावा तसं, आवाज न करता.

बाईंनी ती दुरुस्ती लाल शाईनं समासात उतरवली
आणि परीक्षकांच्या यादीत, दोन परदेशी नावांखाली लिहिलं : तिपाग्या.
पदवीच्या जागी : शिया, एकावन्न वर्षं.
कार्यालयानं अर्थातच खोडलं.
बाईंनी पुन्हा लिहिलं.
तीनदा.

आज माझ्यासमोर नेइंदो बसलाय.
इस्त्रीचा शर्ट, नवं रेकॉर्डर, चाळीस प्रश्नांची प्रश्नावली.
वही मागायला मी हात पुढं करतो
आणि माझ्याच पंजाला
भाजलेल्या बियांचा वास येतो.
की नुसता वाटतो?

बाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
'वाटतो' असंच लिही.