शेवटचं अक्षर

"गाडी कुठली, एवढ्यानं भागत नाही.
वर्ष सांगा. महिना सांगा.
एसी आहे का? नाही?
मग हे आधी बोलायचं."
मामा खांद्यात फोन दाबून बोलतो,
मॅलकी टॅन्सी, या भंगारवाड्याचा धनी.
मी बोल्टांचे डबे लावते,
मापानं नाही, त्याच्या मर्जीनं.

बाहेर लीट्रिमचा पाऊस
गाड्यांच्या उतरंडीवर
प्रत्येक टपाला वेगळा वाजतोय.

अ‍ॅट्रॅक्टा मल्व्ही आली
तेव्हा तिच्या हातात, टॉवेलच्या बाळंत्यात,
जळका अल्टरनेटर होता.
रात्रीची सात म्हाताऱ्यांच्या घरी जाते ती,
कुणाला गोळी, कुणाची कूस बदलायला.
काल शेवटच्या दोघांकडे
शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून गेली म्हणे.

फाटकातून येतानाच तिनं पाहिलं होतं:
तिसऱ्या रांगेत, खालून दुसरी,
तीच आयगो, तोच निळा, तेच साल,
डाव्या दाराला तसाच पोचा.
"माझीच आहे ती," म्हणाली,
"फक्त मेलेली. तिचाच द्या."

मामानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
टॉवेल उलगडला, अंगठ्यानं काजळी पुसली,
स्टिकरवरचा आकडा दोनदा वाचला
आणि मला रांगेत पिटाळलं.
मी चिखलात आडवी होऊन ओरडले:
आकडे सगळे तेच,
शेवटचं अक्षर वेगळं!

"एका अक्षरानं काय होतंय?"

मामा हसला नाही.
"तिशीत होतो. 'बसेल, बसेल' म्हणत
एकाला गिअरबॉक्स विकला.
बसला की! बोल्ट सगळे बसले.
दांडा दोन बोटं आखूड.
चौदा वर्षं तो माणूस
चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतोय,
आणि शांतीचा हात द्यायची वेळ आली
तरी मागे वळत नाही."

मग त्यानं तिचं बोट धरून
पुलीवरच्या खाचा मोजायला लावल्या.
पाच.
त्या निळीच्या सहा: तिला एसी होता,
पट्टा वेगळ्या वाटेनं जायचा.
प्लगात पिना तीन, तिच्यात चार.
बाहेरून जुळ्या.

अ‍ॅट्रॅक्टा खुर्चीत बसली.
सात घरं, आणि आता साडेतीन वाजलेले.

मागच्या कुंपणाशी, काट्यांच्या जाळीत
अर्धी बुडालेली एक लाल प्यूजो आहे.
मामा तिकडे निघाला तशी ती म्हणाली,
"मला टोयोटाचा हवाय."
"एका कारखान्यातल्या आहेत, बाई.
एका पोटच्या तिघी.
ही नाकावरची नावं
लग्नानंतरची."

बॅटरीची काळी तार आधी सोडवली मी,
मामा शिकवतो तशी.
हात ओरबाडले. एक बोल्ट
शिव्या खाल्ल्याशिवाय हलेना.
काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले:
कान, भोकं, खाचा, पिना,
आणि ते अक्षर.
मामानं नवा, म्हणजे दुसरा जुना, कानाशी धरला,
डोळे मिटून पुली फिरवली.
"ऐक," मला म्हणाला.
मला पाऊसच ऐकू आला.
त्याला बेअरिंग.

चाळीस युरो, महिन्याची हमी,
पिवळ्या मार्करनं ठिपका,
उगाच कुणी दुसरा परत आणून देऊ नये म्हणून.

ती निघाली तेव्हा मला दिसलं,
तिच्या पिशवीत एक प्लास्टिकचा बोळा होता, रबर गुंडाळलेला.
पेट्रोलच्या तोंडाला लावते म्हणे,
झाकण मार्चमध्येच हरवलंय.
मी पुन्हा तिसऱ्या रांगेत गेले.
त्या निळीचं झाकण कडक बसलं होतं,
दोन्ही हातांनी पिळावं लागलं.

ते कशालाही विचारून पाहावं लागलं नाही.
मामानं त्याचे पैसे घेतले नाहीत.
फोन वाजत होता.