पोटखराब

वैशाखात ही जमीन खोटं बोलते.
वरून कोरडी, भेगाळलेली, मिठाची पातळ साय धरलेली.
खालच्या वाडीतली पोरं इथं स्टंप रोवतात
आणि स्टंप जरा जास्तच सहज आत जातो.
तेवढी एक चूक तिच्या बोलण्यात.

गट नंबर एकशे चौदा, हिस्सा तीन, कालावलच्या खाडीकाठी.
सातबाऱ्यावर : खाजण. त्यापुढे : पोटखराब.
कंपनीच्या कागदावर बावीस बंगले,
पोहण्याचा तलाव, 'खाडीदर्शन' नावाचा कट्टा.
माझं काम एवढंच :
विकत घेतलेल्यातली किती जमीन
जमीन आहे, ते सांगायचं.

गिरमिट फिरवते.
एक वीत : जांभ्याची तांबडी माती, डंपरनं आणलेली.
दुसरी वीत : राखी.
हातभर खाली काळपट, लोण्यासारखी,
आणि तिच्यात गंजाचे बारीक धागे,
जिथं मुळांनी कधी श्वास घेतला होता.
नाकाशी धरते. सडक्या अंड्याचा वास.
रंगांच्या पुस्तिकेतलं पान मातीशी जुळवते,
साडीला ब्लाऊजपीस लावताना
आई दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात बघायची,
तशी.

"काय गो, माती हुंगतस?"
मागे नलू मेथर, कमरेवर तिसऱ्यांची पाटी.
"माका इचार मगे. त्या भेंडीच्या मुळाक
आषाढातल्या उधाणाक पाणी लागता.
माझ्या बापाशीन थंय होडी बांधलेली."

माझ्याकडे नऊ उपग्रहांचा पुरावा.
भेंडीकडे एका होडीचा.
यंत्रातला ठिपका तिच्या तीन पावलं अलीकडे थांबलाय.
मी तीन पावलं चालते, खणते :
राखी माती. गंजाचे धागे.
वहीत लिहिते, खूण सतरा, दुरुस्त.
नलूचं नाव कुठल्या रकान्यात घालावं,
कळत नाही.

तिवर, मारांडी, मग नुसती मोरस,
मग मोरसही विरळ. नारिंगी फिती बांधत जाते.
रेष सरळ चालत नाही,
गाईसारखी चालते, थांबत, बाजूला तोंड घालत.
खूण तेविसाला ती पत्र्याच्या साइट ऑफिसात शिरते,
टेबलाखालून जाते,
पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडते.

देवस्थळी हसतात. मग हसत नाहीत.
माणूस वाईट नाही, सकाळी मला खुर्ची दिली सावलीतली.
"सहाच मीटर, मॅडम. नकाशावर दीड मिलिमीटर."

दीड मिलिमीटर म्हणजे माझ्या पेन्सिलीची तीन टोकं.
दीड मिलिमीटरात निवट्यांची अठ्ठेचाळीस बिळं,
मोजली आहेत, सवयीनं.

वाद घालत नाही.
त्यांच्या दारासमोर खड्डा खणते, गुडघाभर,
आणि आम्ही काठावर उभे राहतो,
काखेत थर्मामीटर लावून
घरातली माणसं उभी राहतात तसे.

खाडीला भरती लागली आहे, इथून दिसत नाही.
आधी तळ चकाकतो.
मग एका बाजूनं ओघळ, करंगळीएवढा.
कोण्या तलाठ्यानं कधीतरी लिहून ठेवलं, पोटखराब,
आणि नलू बांधावरून चालली आहे,
पाटीच्या वजनानं एका अंगाला कललेली.

पाणी चार बोटं चढतं.
देवस्थळींचा फोन वाजतो. बघतात, उचलत नाहीत.
अचानक उकिडवे बसतात,
बोट बुडवून जिभेला लावतात,
आणि माझ्याकडे न बघता
बोट विजारीला पुसतात.

टेप सोडते. वाचते. वेळ लिहिते :
चार वाजून दहा.

"काकी, बॉल!"

घरंगळत येतो, काठावर क्षणभर अडतो,
आणि ऑफिसच्या दारात
तरंगायला लागतो.