राखणदार

कुताइसीत, बस अड्ड्यामागच्या खोलीत
नोदारने लॅपटॉप उताणा घातला
जेवणाच्या मेजावर, अक्रोडाची टरफलं सरकवून.

अकरा स्क्रू. बशीत दहाच आले.
अकरावा गालिच्यात गेला, तो गेलाच.

आत बारा वर्षांची धूळ, मांजराचे केस, पावाचा चुरा
आणि पापणीचा एक केस.
कुणाचा, ते त्याने ठरवलं नाही.

कुरकुरणारी हार्ड डिस्क निघाली,
जागी एसएसडी, बिस्किटासारखी हलकी.
मेमरी दुप्पट. बसताना ती टक् म्हणते,
तेवढ्यासाठी त्याने ती पुन्हा काढून बसवली.

वायफायचं कार्ड मात्र पडद्याला पसंत नाही:
अनोळखी उपकरण.
दारातून शेजारीण त्सिआला म्हणाली,
"माझ्या सासूचंही हेच म्हणणं होतं.
बसून राहायचं. सवय होते."

मग कडेची फट.
तिथे इतकी वर्षं प्लास्टिकचं एक खोटं कार्ड,
कारखान्यातूनच आलेलं.
ना चिप, ना तार, ना काम;
खरं कुणी येईल म्हणून
जागा धरून बसलेलं.

खरं आलं. अर्धं बोट बाहेर डोकावतं,
निळा दिवा लागतो.
यंत्र नऊ सेकंदांत जागं झालं
आणि म्हणालं, आज एक जानेवारी, दोन हजार दहा.
नोदारने लगेच दुरुस्त केलं नाही.

खोटं कार्ड घेऊन तो उठला,
कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला, परतला,
वाकून मेजाच्या डुगडुगत्या पायाखाली
ते सरकवलं.

बसलं. मापून घडवल्यासारखं.